पल्याडची चूल

“चूल पेटव,” जीवन म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आत खाटेवर त्याचा बाप मरून पडला होता. अंग अजून पुरतं गारही झालं नव्हतं, आणि हा मला चूल पेटवायला सांगत होता.

“डोकं फिरलं का तुहं?” मी म्हटलं.

“हळू बोल ना. धूर नाही दिसला तं समदे इचाराले येतीन. आंघोळीचं पानी तापवू राह्यली असं दिसू दे. दुपारलोक. बस.”

नवऱ्याला मी अरे-तुरे करते. मी शाहपूरची, बाजारपेठेत वाढलेली, आमच्या तोंडाला कुलूप नसतं. पल्याडच्या बायकांना ते अजून पचलेलं नाही. पण त्या सकाळी नुसत्या अरे-तुरेवर माझं भागणार नव्हतं. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटत होतं. आणि खरं सांगते, त्याच वेळी माझा एक हात काडेपेटीकडे गेला होता.

हात का गेला ते सांगितलं पाहिजे.

आमच्याकडे मयत झालं की ते उचलेपर्यंत गावात कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. आता घरोघरी गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवर, कपाशीच्या पऱ्हाट्या घालूनच तापतं. मयत असलं की तीही गार आणि गॅसही बंद. सगळं पल्याड म्हणजे एकच भावकी. सासरे गेल्याचं कळलं असतं, तर माणसं आमच्या अंगणात येऊन बसली असती. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातून माझी नणंद छाया येईपर्यंत कुणी मयताला हात लावला नसता. मग सगळे नदीवर. आणि अकरा वाजता करंजखेड्याच्या शाळेत सभा होती. त्या सभेत पल्याडच्या माणसांनी हात वर करून सांगायचं होतं, करंजखेड्यात राहायचं की वेगळं व्हायचं. माणसंच नाहीत तर हात कुठून आणणार?

करंजखेडं नाल्याच्या त्या बाजूला, आम्ही या बाजूला. म्हणून आमच्या वस्तीचं नावच पल्याड. पंचायत एक. शाळा त्यांच्याकडे, रेशनचं दुकान त्यांच्याकडे, दवाखान्याची बाई त्यांच्याकडे, नदीकाठचं स्मशानही त्यांच्याकडे. आमच्याकडे केळी आणि चिखल.

दहा वर्षांपूर्वी एकदा पल्याडने वेगळी पंचायत मागितली होती. तेव्हाही आजच्यासारखा सरकारी साहेब सभेला आला होता. करंजखेड्याचे भगवानकाका, सासऱ्यांचे जुने दोस्त, तेव्हा सरपंच होते. त्यांनी भर सभेत शब्द दिला, “वेगळे नका होऊ. पहिला पूल तुमचा.” लोक चुळबुळायला लागले. तेव्हा माझे सासरे, गिरधर, जन्मात कधी सभेत तोंड न उघडलेला माणूस, उभे राहिले आणि म्हणाले, “भगवानचा शब्द तो माहा शब्द.” एवढंच. पल्याडने राहायच्या बाजूने हात वर केले. सासूबाईंनीही केला. “त्याइनं केला म्हनून म्या केला,” असं त्या सांगतात.

पूल काही आला नाही. दोन खांब तेवढे आले. त्यांना म्हशी अंग घासतात.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि त्याच दिवशी नाला भरून वाहत होता. ट्रॅक्टरवर मला घालून काठापर्यंत आणलं. पलीकडे अँब्युलन्स उभी होती, तिची लाल बत्ती मला दिसत होती. पाणी उतरायची वाट बघत मी त्या दोन खांबांपाशी बाळंत झाले. मुलगा होता. रडलाच नाही. सासूबाईंनी त्याला किती वेळ पदरात घेऊन चोळलं. सासरे बाजूला पाठ करून उभे होते. त्या दिवसानंतर ते नाला ओलांडून भगवानकाकांच्या घरी कधी गेले नाहीत. भगवानकाकाच रोज सकाळी इकडे यायचे, ओट्यावर बसायचे, दोघं मुकाट्याने चहा प्यायचे.

तेव्हापासून जीवन या सभेच्या मागे लागला होता. जनपदच्या, म्हणजे तालुक्याच्या कचेरीच्या, किती खेपा घातल्या, त्यालाच ठाऊक. करंजखेड्याचं म्हणणं एकच, एकदा विचारलं, एकदा ठरलं, आता परत काय? दर दहा वर्षांनी गाव मोडायचं का? आमचं म्हणणं, शब्द तुम्ही मोडला, मग आमचा हात कसा बांधलेला राहील? यावरून गुऱ्हाळ चाललं होतं, सोयरिकी मोडल्या होत्या. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात जाणारा आमच्या भावकीतला ऋषिकेश एकदा मोबाइल घेऊन ओट्यावर आला.

“आबा, स्कॉटलंडमधी बी सेम चालू हे,” तो सासऱ्यांना म्हणाला. “एकदा वोटिंग झालं, सोबत राहू म्हटले. आता म्हंतात परत घ्या. तं मोठं सरकार म्हंते, एक बार हो गया ना, बस.”

सासऱ्यांनी बराच विचार केला. “त्याइच्यात बी नाला हे का?” त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे हसलो होतो. ते हसले नव्हते.

शेवटी साहेबाची तारीख मिळाली. त्यानंतर पंचायतींच्या हद्दी पक्क्या होणार होत्या. आज नाही तर पुढे कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आदल्या संध्याकाळी जीवनने बापाला विचारलं, “उद्या हात कोन्या बाजूनं?” सासरे म्हणाले, “सकाळी पाहू.” आणि सकाळी सासूबाई त्यांना उठवायला गेल्या.

आता कळलं ना, माझा हात काडेपेटीकडे का गेला? वेगळी पंचायत म्हणजे आमचा पैसा आमच्या हातात, आणि मला तो पूल पाहिजे होता. करंजखेड्याच्या नाकावर टिच्चून पाहिजे होता. मी अंगणात आले, चुलीत दोन पऱ्हाट्या सरकवल्या, आणि काडी ओढणार तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

“ठेव ते,” त्या म्हणाल्या.

“माय, आयक तं,” जीवन त्यांच्यापाशी गेला. “एक वाजेलोक फक्त. मंग छायाले फोन करू, समदं रीतीनं करू. मी का माह्या मनानं करू राह्यलो का? मले काय वाटत नसीन का?”

सासूबाई, मालूबाई त्यांचं नाव, कुणाला मोठ्याने बोललेल्या मी ऐकलेल्या नाहीत. आयुष्यभर केळीच्या बागेत घड वाहिले, घरात वाढलं, उरलं ते खाल्लं. नवऱ्याचा तंबाखूचा बटवा भरून ठेवणं हे त्यांचं दिवसाचं पहिलं काम. त्या सकाळीही उशाशी भरलेला बटवा ठेवला होता.

“चूल नाही पेटनार,” त्या म्हणाल्या. “घरात मानूस निजेल असता मी धूर नाही करू देनार. कोन्या गावासाठी बी नाही.”

“मंग झालं. पाह्य समदं बुडालं,” जीवन डोकं धरून खाली बसला.

“माहं आयक. मी रडनार बी नाही,” त्या म्हणाल्या. “तू सभा कर. तवर माह्या तोंडातून आवाज नाही निंगनार.”

आणि त्यांनी पदराचा बोळा केला, तोंडात धरला आणि आत जाऊन खाटेजवळ बसल्या. कपाळाला कुंकू तसंच होतं. बाई गं, नवरा गेल्यावर मोकळं रडायचंसुद्धा नाही? आणि ते कुणी मागितलं, तर पोटच्या पोराने. आणि मी कोण मोठी शहाणी, मीही गप्पच राहिले.

जीवन ओट्यावर जाऊन उभा राहिला. घरोघरच्या चुली पेटल्या होत्या, धूर वर चढत होता. फक्त आमचं अंगण कोरडं. मी देवाला म्हणत होते, आज तरी भगवानकाकांना येऊ देऊ नकोस.

ते आलेच. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय नाल्याच्या पाण्याने ओले, हातात काठी.

“गिरधर उठला का?” त्यांनी लांबूनच विचारलं.

“निजेल हेत,” जीवन म्हणाला. “रातच्यानं बरं नाही. सभेले नाही येत ते.”

“अरे, त्यालेच घ्याले आलो मी. सायबापुढं दोन शब्द बोलीन तो. तुहं तू बोल, त्याचं त्याले बोलू दे.” ते नेहमीच्या जागेवर टेकले. “सूनबाई, चहा टाक व माय. तवर उठीन तो.”

मी हलले नाही. जीवन भगवानकाका आणि दार यांच्या मधे उभा होता. एक शब्द या माणसाच्या कानावर पडला असता, आणि त्याने तो तिकडे जाऊन साहेबाला सांगितला असता, की खेळ खलास. करंजखेड्याला दुसरं पाहिजे होतं तरी काय?

भगवानकाकांनी चुलीकडे पाहिलं. आत दोन पऱ्हाट्या, राख कालची. मग ओट्याखालच्या सासऱ्यांच्या जोड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. घरातून काहीच आवाज येत नव्हता, भांड्याचा नाही, खोकल्याचा नाही. माझे सासरे सकाळी खोकत नाहीत असं कधी झालं नव्हतं.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“चहा नको,” ते म्हणाले. “मालूवहिनी आत हेत का?”

“हेत,” मी म्हटलं.

“त्याइच्यापाशी बस.”

ते उठले. जीवनने त्यांचा दंड धरला. “काका,” तो म्हणाला, “तुम्ही...” भगवानकाकांनी त्याचा हात हळूच सोडवला आणि टोपी हातातच घेऊन ते नाल्याकडे चालू लागले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

“सांगनार तो,” जीवन म्हणाला. “पक्का सांगनार.”

“आन नाही तं काय करीन? त्याचा दोस्त गेला हे,” मी खेकसले. “तूच सांगितलं असतं तं बरं नसतं झालं?”

तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावरूनच परत फिरला. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची कीव आली. बाप मेल्याला काही वेळ लोटला होता आणि त्याने अजून बापाच्या अंगाला हातसुद्धा लावला नव्हता.

मी घरातच थांबणार होते. सासूबाईंनी मला हाताने खूण केली, जा. मी नाही म्हटलं. त्यांनी तोंडातून पदर काढला. “माह्या नातवासाठी जाय,” त्या म्हणाल्या, आणि बोळा परत तोंडात धरला.

मी गेले. दाराला बाहेरून कडी घातली आणि नाल्यात उतरले.

शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला करंजखेडं, एका बाजूला पल्याड. आमच्या भावकीतले थोरले लीलाधरभाऊ, जीवनचं खरं मानून, सगळ्यांना सांगत होते, गिरधरला ताप आहे. माझा जीव सारखा भगवानकाकांवर. ते पुढच्या रांगेत, साहेबाच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर बसले होते. उघड्या डोक्याने. त्यांना कधी कुणी उघड्या डोक्याने पाहिलेलं नव्हतं. शेजारचा त्यांच्या कानाशी लागून काही विचारत होता, ते नुसती मान हलवत होते.

चहा आला. सरपंचाने स्वतः जीवनच्या हातात कप दिला, वर हसून म्हणाला, “घ्या, अजून तं एकाच गावचे हो ना?” शंभर डोळे जीवनवर. त्याने तो चहा घटाघटा पिऊन टाकला. घरात बाप निजलेला, आणि हा चहा प्याला. न पिऊन करतो काय? मी माझा कप पायाजवळ ठेवला. समोर पाहिलं तर भगवानकाकांचा कपही सतरंजीवर तसाच होता. साय धरली तरी त्यांनी उचलला नाही.

साहेबाने कागद वाचून दाखवला. मग चष्मा काढून म्हणाला, “हाथ उठवाने से पहले, किसी को कुछ कहना है?”

भगवानकाका काठी टेकून उठले.

जीवन दातओठ खाऊन जमिनीकडे बघत होता. करंजखेड्याची माणसं सरसावून बसली. आता बुढा काय बोलतो बघा, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“आज गिरधर...” ते म्हणाले आणि थांबले. “आज गिरधर आला नाही. दहा सालापहिले माह्या शब्दासाठी तो अठीच उभा राह्यला होता. तो असता तं मी बोललो असतो. आता मी कोन्या तोंडानं बोलू? घ्या सायेब, पल्याडचे हात घ्या.”

आणि ते खाली बसले. करंजखेड्यात एकच गलका उठला. कुणी म्हणालं, काका फितूर झाले. कुणी म्हणालं, म्हातारपणाने चळलं. ते तोंड मिटून बसून राहिले. एक शब्द बोलले असते तर त्यांचं गाव जिंकलं असतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि रडायची तर बंदी होती. मी ओठ दाताखाली धरला.

साहेबाने राहणाऱ्यांचे हात विचारले. इकडे तिकडे काही वर आले. मग वेगळे होणाऱ्यांचे. मी हात वर केला तेव्हा मला बाळाचं वजन आठवलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. आजूबाजूला पाहायची गरज नव्हती. हातच हात होते.

पल्याडची पोरं नाचतच उठली. ऋषिकेशने हलगी आणून ठेवलीच होती. नाल्यातून गुलाल उधळत, पाणी उडवत मिरवणूक निघाली. मी सगळ्यांना ढकलून पुढे पळाले. कडी काढली. सासूबाई सकाळी होत्या तशाच बसल्या होत्या.

“झालं?” त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

“झालं, माय. आपुन जितलो.”

त्यांनी तोंडातला बोळा काढला. पदराचा तेवढा भाग चिंध्या झाला होता. आणि मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण बाहेर कुणालाच तो ऐकू गेला नाही. हलगी ऐन अंगणापर्यंत आली होती. त्या कपाळ आपटून रडत होत्या आणि बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती. मी दारात आले आणि किंचाळले, “बंद करा! अरे मेल्यांनो, बंद करा ते!”

जीवनने ऋषिकेशच्या हातातली टिपरी हिसकली आणि तिथेच, गुलालाने माखलेला, मातीत बसला. मग आवाज ऐकू आला सगळ्यांना. घरोघरच्या चुलींवर पाणी पडलं. लीलाधरभाऊंनी जीवनकडे पाहिलं, अंगणातल्या गार चुलीकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. “काय केलं रे हे, जीवन,” एवढंच म्हणाले. आम्ही सगळ्यांनी मयत असताना खाल्लं-प्यालं होतं, नाचलो होतो. जीवन नाल्यावर जाऊन पुन्हा पुन्हा चुळा भरत राहिला, तिथूनच त्याने छायाला फोन केला.

छाया आली, रडारड झाली, आंघोळ घालून झाली. तेव्हा लीलाधरभाऊंनी तो प्रश्न काढला.

“स्मशान तं त्याइच्याकडं गेलं आता,” ते म्हणाले. “पहिलं मयत हे आपल्या गावाचं. इचाराले लागीन. जीवन, तुलेच जावं लागीन.”

जीवनची मान वर होईना. कुठल्या तोंडाने जाणार होता? तो उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. नाल्यातून माणसं येत होती. पुढे भगवानकाका, उघड्या डोक्याने, खांद्यावर दोन हिरवे बांबू. त्यांच्या मागे करंजखेडं. सकाळी त्यांना फितूर म्हणणारेही त्यांत होते.

“लाकडं रचून आलो नदीवर,” भगवानकाका जीवनला म्हणाले. “चाला. दिवस हे तवर उरकलं पाह्यजे.”

तिरडी नाल्यातून नेताना चारही खांदेकरी गुडघ्यापर्यंत पाण्यात होते. दोन पल्याडचे, दोन करंजखेड्याचे. ती कलंडू नये म्हणून जीवन मधून हातांनी आधार देत होता. बाया काठापर्यंतच जातात. मी त्या खांबांपाशी उभी राहून पाहत होते. करंजखेड्याच्या कुठल्याच घरातून धूर निघत नव्हता. वेगळं गाव झालं होतं ते, त्यांना चुली विझवायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी माणसं आंघोळी करून परत आली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, कडू घास भावकीतून येतो. पण सगळी भावकी तर आमच्याबरोबरच बसलेली होती. तेवढ्यात अंगणात प्रतिभा आली, भगवानकाकांची सून. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर टोपली. माझ्याकडून घेतलेलं नव्या हंगामाचं बियाणं परत पाठवून तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, या सभेवरूनच. तिने टोपली खाली ठेवली. पिठलं आणि भाकरी. भाकरी अजून गरम होत्या.

जीवनने घास घेतला आणि तो त्याला गिळवेना. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून त्यांनी त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. “खाय,” त्या म्हणाल्या. मग तो बापासाठी रडला, लहान पोरासारखा, भाकरी हातात धरून.

अंधारून यायला लागलं होतं. वरच्या अंगाला, सातपुड्याकडे, ढग दिसत होते.

“जाय आता, पोरी,” सासूबाई प्रतिभाला म्हणाल्या. “उजेड हे तवर निंघ. वर पाऊस हे. नाल्याले पानी वाढलं तं अडकशील.”

प्रतिभा उठली. जीवनने डोळे पुसले, तिची रिकामी टोपली उचलून खांद्यावर घेतली आणि तिच्यापुढे नाल्यात उतरला.